ताईंना विचारा: केळीची पानं, आखाजीचं माहेर आणि माळ्यावरची चांदणी

सगळ्यांना सलाम. पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज इतके साठलेत की नाताळआधीचा आगमनकाळ सुरू व्हायच्या आत निदान सणांबद्दलचे तरी संपवावेत म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यांनाच देतेय. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, फक्त गाव. मी पाळक, म्हणजे पास्टर, नाही हे नव्या वाचकांना सांगून ठेवते, भुसावळला शाळेत मराठी शिकवलं आणि रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) मुलांना शास्त्र शिकवलं, एवढंच. प्रश्न आला की आधी वचन उघडायचं आणि तिथे जेवढं लिहिलंय तेवढंच वाचायचं ही माझी सवय, कारण "बायबलमध्येच आहे" म्हणून आपण समोरच्याला गप्प करतो आणि उघडून बघावं तर तिथे देव आपल्यापेक्षा कितीतरी मवाळ बोललेला असतो.

प्रश्न: ताई, सलाम. आमचं गाव रावेर तालुक्यात, चारी बाजूंना केळीच केळी. झावळ्यांच्या रविवारी खजुरीच्या झावळ्या कुठेच मिळाल्या नाहीत म्हणून आम्ही मुलांच्या हातात केळीची पानं दिली. मुलं होसान्ना म्हणत चर्चभोवती फिरून आली, छान झालं. पण नंतर मंडळीतले एक वडील (एल्डर) सगळ्यांसमोर म्हणाले की केळीची पानं सत्यनारायणाला लावतात, शास्त्रात खजूरच आहे, हे चुकीचं केलं. मुलं एकदम हिरमुसली. खरंच चुकलं का? (रावेर तालुका)

उत्तर: नाही चुकलं, आणि मुलांना हे कोणीतरी लवकर सांगा. येशू यरुशलेमेत आला त्या दिवसाची ही आठवण, तेव्हा चारही शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून बघा. खजुरीच्या झावळ्या फक्त योहानात आहेत, १२व्या अध्यायात. मत्तय २१ मध्ये झाडांच्या डाहळ्या आहेत, कुठल्या झाडाच्या ते नाही. मार्क ११ मध्ये लोकांनी शेतांतून डाहळ्या तोडून आणल्या. आणि लूक १९ मध्ये तर एकही पान नाही, लोकांनी अंगावरचे कपडे काढून रस्त्यावर अंथरलेत. म्हणजे ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने आणलं. मार्काचं ते "शेतांतून" मला फार आवडतं, तुमच्या शेतात केळी आहे, तुम्ही केळी आणली.

खजूरच का, यालाही एक कारण आहे. येशूच्या आधी दीडेकशे वर्षं, मक्काबी या यहुदी पुढाऱ्यांच्या काळात, यरुशलेमेतला किल्ला शत्रूच्या हातून सुटला तेव्हा लोक झावळ्या घेऊन वाजतगाजत आत गेले होते. तेव्हापासून झावळी म्हणजे विजयाची खूण. त्या रविवारी गर्दीच्या मनात तेच असणार, हा राजा आता रोमी लोकांना हाकलणार. आणि राजा आला गाढवावर, जखऱ्याने सांगितलं होतं तसा. तेव्हा पवित्र काही असेल तर ती हाक, होसान्ना, ११८व्या स्तोत्रातली, म्हणजे "आम्हाला तार". ती तुमच्या मुलांनी मारली की.

आमच्या लहानपणी आम्ही शिंदीच्या फांद्या आणायचो. शिंदी खजुरीची सख्खी चुलत बहीण, खानदेशात नाल्याकाठी अजूनही दिसते. तिच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात, माझे वडील ड्युटीवरून येताना फांद्या आणायचे आणि आई तो बुडखा जुन्या धोतराच्या चिंधीने गुंडाळून द्यायची, तरी एखादा काटा तळहातात जायचाच, त्यामुळे झावळ्यांचा रविवार म्हटलं की मला आजही उजवा हात ठणकल्यासारखा वाटतो. पुढच्या वर्षी केळीचीच पानं घ्या, फक्त घड उतरलेल्या खोडाची घ्या, ती खोडं तशीही कापायचीच असतात, घड यायच्या झाडाला हात लावला तर शेतकऱ्याचं नुकसान. आणि त्या वडिलांशी भांडू नका, मार्काचा ११वा अध्याय त्यांनाच उपासनेत वाचायला द्या.

प्रश्न: मी सावद्याकडे केळीच्या गाड्या भरतो. आमच्या मंडळीत इस्टरआधीच्या लेंटचे ४० दिवस उपवासाचा चार्ट लावतात, प्रत्येकाच्या नावापुढे टिक. माझ्या नावापुढे दोनच टिक होत्या. उन्हात खांद्यावर घड वाहताना पोटात काही नसलं की डोळ्यापुढे अंधारी येते, एकदा पडलो पण. ऑफिसवाले भाऊ लोक पूर्ण ४० करतात. मला लाज वाटते. देव माझ्यावर नाराज असेल का? (सावदा)

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. देव नाराज नाही. आधी हिशेब सांगते, राखेच्या बुधवारपासून इस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात, त्यातले ६ रविवार सोडले की ४०. प्रभू अरण्यात ४० दिवस राहिला त्याची ती आठवण, मंडळीची जुनी रीत, चांगली रीत, मीही पाळते. पण अमक्याने इतके दिवस उपाशी राहावं अशी आज्ञा पवित्र शास्त्रात कुठेही नाही.

उलट यशयाचा ५८वा अध्याय वाचा, किंवा मुलीला वाचून दाखवायला सांगा. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास करतो तर तू बघत का नाहीस, आणि देव म्हणतो की तुम्ही उपासाच्या दिवशी आपल्या मजुरांना राबवून घेता. देवाचं लक्ष त्या दिवशी उपास करणाऱ्याकडे नव्हतं, मजुराकडे होतं, म्हणजे तुमच्याकडे. त्याच अध्यायात पुढे देव सांगतो त्याला कसला उपास हवाय, जोखड तोडा, भुकेल्याला आपल्यातली भाकर द्या. याकोबाच्या पत्रात ५व्या अध्यायात मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. हे ४० टिकवाल्यांनी वाचायचं.

आणि अजून एक. एलीया संदेष्टा थकून झाडाखाली पडला होता, मरण मागत होता, १ राजे १९. देवदूत आला तो काय म्हणाला? ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलं होतं. तो जेवून पुन्हा झोपला तर देवदूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खा म्हणाला, कारण वाट तुला झेपणार नाही. आणि त्या जेवणाच्या बळावर तो ४० दिवस चालला. तुमचे ४० दिवस हे असे आहेत. सकाळी कळण्याची भाकर नीट खाऊन निघा, पाणी सोबत ठेवा, आणि पडलात म्हणता तर सरकारी दवाखान्यात एकदा बीपी-शुगर तपासून घ्या, हे विसरू नका. लेंटमध्ये काही सोडायचंच असेल तर तंबाखू सोडा, खात असाल तर.

त्या मंडळीच्या पाळकांना माझी हात जोडून विनंती, तो चार्ट काढा. मत्तय ६ मध्ये प्रभूने सांगितलंय की उपास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नको. भिंतीवर टिक कशाला मग.

प्रश्न: इस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतो? नाताळ तर फिक्स असतो. कॉलेजात मित्र विचारतात, मला सांगता येत नाही. (धुळे)

उत्तर: मित्रांना सांग की तुमची होळी आणि हनुमान जयंती ज्या चंद्रावर चालते त्याच चंद्रावर आमचा इस्टर चालतो, पटकन कळेल. प्रभूला वधस्तंभावर दिलं ते वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण हा यहुद्यांचा पौर्णिमेचा सण. सगळ्या मंडळ्यांनी इस्टर एकाच रविवारी पाळावा असं ३२५ साली निकियाच्या परिषदेत ठरलं आणि मोजायची रीत पुढे पक्की होत गेली: २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. म्हणून इस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्येच येतो. २०२४ ला होळीची पौर्णिमाच हिशेबात आली, २५ मार्चला धुळवड आणि ३१ ला इस्टर. २०२५ ला चैत्री पौर्णिमा धरली, १२ एप्रिलला हनुमान जयंती झाली आणि इस्टर एकदम २० ला, कारण चर्चच्या गणिताने पौर्णिमा १३ ला, ऐन रविवारी पडत होती, आणि तसं झालं की पुढचा रविवार घेतात. ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुनं ज्युलियन कॅलेंडर धरतात म्हणून त्यांचा बऱ्याचदा वेगळा, २०२५ ला मात्र सगळ्यांचा एकाच दिवशी होता.

नाताळची २५ डिसेंबर ही तारीख शास्त्रात नाही, ती रोमच्या मंडळीत चौथ्या शतकात रुळलेली दिसते. अर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीला पाळते.

पण पौर्णिमेवरून एक गोष्ट मनात येते ती सांगते. वल्हांडण म्हणजे त्या रात्री गेथशेमाने बागेत पूर्ण चंद्र होता, आकाश निरभ्र असेल तर लख्ख उजेड. आणि योहान १८ मध्ये लिहिलंय की प्रभूला धरायला आलेले लोक मशाली आणि दिवे घेऊन आले होते. ज्याला शोधायचं तो समोर उभा, वर चांदणं, तरी हातात मशाल. तुला कधी शेतात चांदण्या रात्री राहायला मिळालं असेल तर तुला हे जास्त कळेल.

प्रश्न: ताई, मी धरणगावला दिलेली, माहेर एरंडोल तालुक्यात, दोन्ही घरं ख्रिस्ती. दर वर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाते, गल्लीतल्या सगळ्या लेकी येतात, लिंबाला झोका असतो. आता आमचे नवीन पाळक म्हणतात आखाजी दुसऱ्यांचा सण आहे, विश्वासणाऱ्यांनी त्या दिवशी जायचं नाही. मागच्या वर्षी मी गेले नाही. आई सत्तरीची आहे. भावाने सांगितलं की ती दिवसभर ओट्यावर बसून होती. मी काय करू? (धरणगाव)

उत्तर: जा वं माय, जा.

आता कारण सांगते. आखाजीत दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करून बघता येतात. एक म्हणजे घागर. मातीची घागर भरून तिच्यावर डांगर ठेवून पितरांच्या नावाने पुजतात, नैवेद्य दाखवतात, गौराई बसवतात. ती पूजा आहे, आपण ती करत नाही, तुमच्या आईच्या घरी ती होतही नाही. दुसरी गोष्ट म्हणजे लेक घरी येणं. मांडे, आमरस, झोका, रात्री ओट्यावर गप्पा, सालदाराचं वर्ष त्या दिवशी सुरू होतं, भरउन्हाळ्यात शेतात काम नसतं म्हणून बाईला चार दिवस मोकळे मिळतात. यातलं देवाला न आवडण्यासारखं काय आहे मला सांगा. एप्रिल-मेच्या उन्हात वर्षभर राबलेल्या लेकीने आईजवळ झोपावं हे कुठल्या वचनात मना केलंय?

पौलाने करिंथच्या मंडळीला नेमकं याच गोष्टीवर लिहिलं होतं, कारण त्यांच्याही शहरात देवळं होती, शेजारी दुसऱ्या धर्माचे होते. १ करिंथ १० मध्ये तो मूर्तीच्या मेजावर बसू नका असं स्पष्ट सांगतो आणि त्याच अध्यायात पुढे म्हणतो, विश्वास न ठेवणाऱ्या कोणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा, उगीच चौकशी करत बसू नका. आणि इथे तर बोलावणारी तुमची आईच. रोमकरांस १४ मध्ये आहे, कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा जास्त मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करावी, आणि त्याच अध्यायाची सुरुवातच अशी की एकमेकांच्या मतांवर वाद घालत बसू नका.

तुमच्या धरणगावचीच एक आठवण देते. बालकवी ठोंबरे १८९० साली धरणगावला जन्मले. हा ब्राह्मण घरातला पोरगा नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिला, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. टिळक स्वतः १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेले, त्यांच्या गीतांवर आपली मराठी उपासना आजही चालते. त्या घराचं दार दोन्ही बाजूंनी उघडं होतं, आणि त्याने टिळकांचा विश्वास काही पातळ झाला नाही.

पाळकांशी बोला, एकट्या नको, नवऱ्याला घेऊन बोला. ते नवे आहेत, बहुतेक बाहेरून आलेत, आखाजी म्हणजे त्यांना फक्त घागर दिसते, लिंबाखालचा झोका दिसला नसेल. त्यांना म्हणा, पास्टर, या वर्षी तुम्हीच या आमच्याकडे आमरस खायला. बघा काय म्हणतात. आणि नाही पटलं त्यांना तरी तुम्ही जा, आईबापाचा मान राख ही दहा आज्ञांमधली आहे, आखाजीला जाऊ नको ही नाही.

प्रश्न: नाताळच्या नाटकात मागी लोक (बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी) तीनच का? यंदा आमच्याकडे पाच मुलं हट्ट करतायत. (अमळनेर)

उत्तर: पाचही घ्या. मत्तय २ मध्ये मागी किती होते ते लिहिलेलंच नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, त्यावरून लोकांनी माणसं तीन धरली. ते राजे होते असंही तिथे नाही. आणि ते गोठ्यात नाही आले, ११व्या वचनात "घरात" गेले असं आहे, मेंढपाळांच्या नंतर, केव्हातरी. वेळ असेल तर घराचा एक वेगळा प्रवेश करा. ऊद म्हणजे धूपासारखा जाळायचा सुगंधी डिंक, मुलं विचारतात म्हणून सांगितलं. उंटासाठी गोधडी पुरते.

प्रश्न: चोपडा तालुक्यातला शेतकरी आहे. पुढच्या महिन्यात मंडळीत हंगामाची उपकारस्तुती आहे, सगळे पहिलं पीक आणतात, मग लिलाव होतो. ऐन वेचणीत पाऊस झाला, कपाशीचं बोंड झाडावरच काळं पडलं. हातमा काहीच उनं नही ताई. रिकाम्या हाताने जायची लाज वाटते, आणि खरं सांगू तर उपकार कसले मानू हेही कळत नाही. बायको म्हणते या वर्षी जाऊच नको. (चोपडा)

उत्तर: दादा, हबक्कूक ३ तुम्ही ऐकलं असेल, अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, तरी मी परमेश्वरात हर्ष करीन. हे वचन आपण पटकन दुसऱ्याच्या तोंडावर मारतो, मी ते तुमच्या तोंडावर मारणार नाही. फक्त एवढं बघा की हबक्कूकने ते ओळीने मोजलंय, काय काय नाही ते एकेक करून देवापुढे ठेवलंय. आणि त्याचं पुस्तक सुरू कसं होतं? परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकत नाहीस, असं. तिसऱ्या अध्यायाआधी पहिला आहे. तुम्ही सध्या पहिल्या अध्यायात आहात, आणि तोही शास्त्रातच आहे.

आता उपकारस्तुतीचं. लेवीय २३ हा सगळा सणांचा अध्याय, वल्हांडण, प्रथमफळ, पन्नासावा दिवस, कर्णे, मंडपांचा सण. सणांची यादी चाललेली असताना मधेच, २२व्या वचनात, देव शेताबद्दल बोलायला लागतो: कापणी करशील तेव्हा कडेकोपऱ्यापर्यंत कापू नको, सरवा वेचू नको, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. मग पुन्हा यादी सुरू. मी पूर्वी हे वचन ओलांडून जायची, वाटायचं चुकून इथे आलं. चुकून नाही आलेलं. सणाच्या मधोमध ज्याच्या हातात काही नाही त्याची जागा राखून ठेवलीय. रूथ सरवा वेचूनच जगली, आणि तिच्या वंशात दावीद, आणि दाविदाच्या वंशात प्रभू.

सरवा हा शब्द तुम्हाला सांगायला नको. माझी आजी ज्वारीची कापणी झाली की पदराचा खोळ करून निघायची, आम्ही नातवंडं मागे. उन्हाने तापलेल्या ढेकळांमध्ये एकेक पडलेलं कणीस, बोटं धसकटाने खरचटायची, संध्याकाळी ते ओसरीत झोडपून सुपाने पाखडलं की दोन-अडीच पायली निघायची. ज्यांच्या शेतात जायचो ते शेतकरी काका बांधावर उभे असायचे आणि मुद्दाम दुसरीकडे बघायचे, आजीला लाज वाटू नये म्हणून. मी शास्त्रात बवाज वाचला, ज्याच्या शेतात रूथ सरवा वेचायची, तेव्हा मला तेच काका दिसले, बवाजानेही गड्यांना सांगितलं होतं की पेंढ्यांतली कणसं मुद्दाम टाका आणि तिला धमकावू नका.

म्हणून तुम्ही जा. त्या काळ्या बोंडांतला मूठभर कवडी कापूस काढा आणि तोच टोपलीत ठेवा. अनुवाद २६ मध्ये शेतकरी टोपली घेऊन वेदीपुढे उभा राहतो तेव्हा त्याला नुसतं ठेवून परत जायचं नसतं, बोलायचं असतं, आम्ही मिसरात कसे पिडलो गेलो, देवाने आमचं दुःख कसं पाहिलं. तुम्हीही बोला, दोन वाक्यं, पाऊस पडला, हे झालं. मंडळीला ते ऐकू दे. दोन टोल्या (अगदी बारकी नाणी) टाकणाऱ्या विधवेला प्रभूने बघितलं होतं, मार्क १२.

आणि हे मंडळीच्या वडिलांसाठी. लिलावात एक भोपळा हजाराला जातो, टाळ्या वाजतात, आनंद असतो, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण या वर्षीचा लिलावाचा पैसा छताच्या पत्र्यांसाठी ठेवण्याआधी ज्यांचं पीक गेलं त्यांची नावं काढा आणि पुढच्या बियाण्यासाठी त्यांच्या घरी पोचवा, स्टेजवर बोलावून नको, घरी, रात्रीचं. बवाजासारखं दुसरीकडे बघत.

प्रश्न: नवापूरकडची आहे. सप्टेंबरमध्ये माझे मिस्टर गेले. दोन मुलं आहेत, आठ आणि अकरा वर्षांची. दर नाताळला तेच दारात चांदणी लावायचे. घरातले मोठे म्हणतात वर्षभर घरात सण करायचा नसतो, चांदणी लावली तर लोक काय म्हणतील. मुलं रोज विचारतात. मला स्वतःला काही करावंसं वाटत नाही आणि मुलांकडे बघवत पण नाही. शास्त्रात काय आहे? (नवापूर तालुका)

उत्तर: वर्षभर सण करू नये असं शास्त्रात नाही. आणि नाताळला हसतमुख असलंच पाहिजे असंही नाही. मत्तयाने जन्माच्या गोष्टीतच राहेलीचं रडणं लिहिलंय, ती सांत्वन पावेना, आणि लूकने त्याच गोष्टीत शिमोनाच्या तोंडून मरियेला सांगितलंय की तुझ्या जिवातून तलवार जाईल. बाळाला मंदिरात आणलं तेव्हा तिथे हन्ना होती. लग्नानंतर सात वर्षं नवऱ्यासोबत, आणि मग म्हातारपणापर्यंत विधवा. लूकने तिची ती सात वर्षंसुद्धा मोजून लिहिलीत. नाताळच्या गोष्टीत तुमच्यासारख्या बाईला जागा आहे, आधीपासून आहे, तुम्हाला ती कोणाकडून मागायची नाही.

माझे मिस्टर गेले तेव्हा ऑक्टोबर होता. आमची चांदणी त्यांनी स्वतः बांबूच्या कामट्यांची केलेली, दर वर्षी जुना कागद सोलून नवा चिकटवायचे, मैद्याच्या खळीने, आणि खळीचा तो वास दोन दिवस घरात असायचा. त्या डिसेंबरात मी ती माळ्यावरून काढणारच नव्हते. २३ तारखेला शेजारच्या मुलाने विचारलं, काकू, बल्ब लावून देऊ का, तेव्हा खाली काढली. कागद फाटलेला. कामट्यांच्या जोडावर त्यांनी सुतळीने मारलेल्या गाठी होत्या, प्रत्येक गाठ दोनदा ओढून मग टोक आत खोचलेलं, पाचही टोकांना सारखं. मी कितीतरी वेळ त्या गाठींवरून बोट फिरवत बसले. मग कागद न लावताच, नुसता सांगाडा, आतल्या खोलीत खिडकीशी टांगला आणि त्यात एक पिवळा बल्ब सोडला. बाहेर रस्त्यावरून दिसत नव्हता. त्या वर्षी आमचा नाताळ तेवढाच.

तुम्ही काय करावं ते मी सांगणार नाही, पण मुलांना विचारा, चांदणी कुठे लावायची, कोण चढणार स्टुलावर. ते सांगतील. अकरा वर्षांच्याला वायर जोडायला देऊ नका, कोणा मोठ्या माणसाला बोलवा. घरातल्या मोठ्यांना म्हणा की सण करत नाही, मुलांच्या बापाची चांदणी लावतोय, यावर बहुतेक कोणी काही बोलणार नाही. फराळ करू नका, नवीन कपडे घेऊ नका, नाही वाटत तर नको. उपासनेला मात्र मागच्या बाकावर का होईना बसा, रडू आलं तर येऊ द्या.

तुमच्याकडे कॅरलवाले ढोल घेऊन नाचत येतात ते मला माहीत आहे. त्यांच्या लीडरला आधीच निरोप द्या की या घरी ढोल नको, एकच गीत, हळू, आणि छोटी प्रार्थना. दार लावून घेऊ नका. तुमच्या मिस्टरांनीही त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं गायलं असेल, त्यातल्या कोणाला तरी तुमच्या दारात उभं राहायचंच असेल.

माझा नंबर तुमच्या पाळकांकडे देऊन ठेवलाय. २४ ला रात्री बाराच्या उपासनेनंतर मी जागी असते, फोन करा.